स्वतःच्या नावाने

मनुष्य जन्मास आला म्हणजे त्यास जगाकडून जी पहिली देणगी मिळते, ती नाव होय. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यातील बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्या क्षणापासून ते बाळ एक स्वतंत्र व्यक्ती म्हणून ओळखले जाऊ लागते. शाळेच्या हजेरीपटावर, बँकेच्या पुस्तकात, सातबाराच्या उताऱ्यावर, मतदारांच्या यादीत, सर्वत्र मनुष्य नावानेच उभा असतो. मराठी भाषेतही नावाला मोठी प्रतिष्ठा आहे. कर्तबगार संतती कुळाचे नाव काढते. उद्योगी मनुष्य नावारूपास येतो. आणि ज्याची कोणी आठवण ठेवीत नाही, त्याचे नावनिशाणही उरत नाही. स्त्री-पुरुष समता म्हणजे काय आणि ती साध्य होण्याजोगी आहे काय, हे प्रश्न फार मोठे वाटतात. परंतु नावासारख्या साध्या गोष्टीच्या आधारे त्यांचा विचार केला, तर त्यांचे मर्म ध्यानी येते.

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिने प्रत्येक प्रौढ नागरिकास, मग तो स्त्री असो वा पुरुष, साक्षर असो वा निरक्षर, मताचा समान अधिकार दिला. ही गोष्ट लहान नव्हे. इंग्लंडमधील स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले होते; आणि स्वित्झर्लंडसारख्या संपन्न देशातील स्त्रियांस राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्यासाठी १९७१ पर्यंत वाट पाहावी लागली. भारतीय स्त्रीच्या पदरात मात्र हा पूर्ण अधिकार प्रजासत्ताकाच्या जन्माबरोबरच पडला.

अधिकार मिळाला खरा. परंतु तो बजावण्यासाठी यादीत नाव असावे लागते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारांची नोंद करणारे कर्मचारी घरोघर फिरू लागले, तेव्हा एक विलक्षण अडचण उभी राहिली. विशेषतः उत्तर भारतातील अनेक स्त्रिया परक्या माणसास आपले नाव सांगावयास तयार होईनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच त्यांची नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद ग्राह्य धरता येणार नाही, मतदाराचे स्वतःचे नाव हवे, असा आग्रह धरला. परिणाम असा झाला की, देशातील सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. त्या स्त्रियांना नावे नव्हती असे नाही. प्रत्येकीस आईवडिलांनी कौतुकाने नाव ठेविले होते. परंतु ते नाव उंबरठ्याबाहेर उच्चारावयाचे नसते, स्त्रीची ओळख तिच्या घरातील पुरुषावरून व्हावी, हेच लहानपणापासून त्यांच्या मनावर बिंबले होते. कायद्याने जे एका हाताने दिले, ते रूढीने दुसऱ्या हाताने काढून घेतले.

पुढे काय घडले, हेही पाहण्यासारखे आहे. निवडणुकांमागून निवडणुका झाल्या. मुली शाळेत जाऊ लागल्या, स्त्रिया निर्भयपणे आपले नाव सांगू लागल्या, मतदान केंद्रावर त्यांच्या रांगा लागू लागल्या. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मत देणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या प्रमाणापेक्षा किंचित अधिक भरले. देशाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. २०२४ च्या निवडणुकीतही तेच पुन्हा दिसून आले. ज्या देशात लक्षावधी स्त्रिया आपले नाव सांगण्यास संकोचत होत्या, त्याच देशात ७० वर्षांच्या आत हा पालट झाला. समता साध्य होते काय, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे मिळतो.

आता समता या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. समता म्हणजे सारखेपणा असा अनेकांचा समज असतो, आणि स्त्री व पुरुष यांची शरीरे जर निसर्गानेच निराळी घडविली आहेत, तर त्यांच्यात समता कशी असेल, अशी शंका घेतली जाते. या शंकेचे उत्तर अवघड नाही. दोन पुरुषही एकमेकांसारखे नसतात. एक मल्ल असतो, दुसरा किरकोळ बांध्याचा असतो. एकाचा आवाज गोड, तर दुसऱ्याचे हस्ताक्षर सुरेख. तथापि मल्लाला दोन मते आणि अशक्ताला अर्धे मत असा नियम कोणीही केलेला नाही. निसर्गाने दिलेली भिन्नता निराळी आणि समाजाने लादलेली उच्चनीचता निराळी. पहिली नाहीशी करण्याचे कारण नाही. दुसरी नाहीशी करणे म्हणजेच समता. जन्मलेले मूल मुलगी आहे की मुलगा आहे, एवढ्यावरून त्याने किती शिकावे, काय करावे, कोणापुढे मान तुकवावी हे आधीच ठरवून न ठेवणे, हा तिचा गाभा होय.

संसार हा रथ असून स्त्री व पुरुष ही त्याची दोन चाके आहेत, असे लग्नसमारंभात नेहमी सांगितले जाते. उपमा सुंदर आहे. परंतु तीत एक उणीव आहे. चाक कितीही भक्कम असले तरी रथ कोणीकडे न्यावयाचा हे त्यास ठरविता येत नाही. ते सारथी ठरवितो. घरातील कष्ट दोघांनी करावयाचे आणि निर्णय मात्र एकानेच घ्यावयाचे, असे असेल तर तेथे चाके दोन असूनही समता नाही. जेथे लगाम दोघांच्याही हाती असतो, तेथेच ती असते.

अशीच उणीव कधी कधी शब्दांतही लपलेली असते. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने सर्व मानवांच्या हक्कांचा एक जाहीरनामा तयार करावयास घेतला. त्याच्या पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात, सर्व माणसे समान आहेत हे सांगण्यासाठी जो शब्द वापरला होता, त्याचा अर्थ ‘पुरुष’ असाही होत असे. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी त्या शब्दास हरकत घेतली. या शब्दात स्त्रियांचाही समावेश आहे असे कोणी म्हणेल; परंतु उद्या कोणी तसे न मानले तर काय करावयाचे, असा त्यांचा रास्त विचार होता. त्यांच्या आग्रहामुळे तेथे ‘सर्व मानव’ या अर्थाचा निःसंदिग्ध शब्द घालण्यात आला आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा त्याच रूपात संमत झाला. एका शब्दाने निम्म्या मानवजातीस तिचे स्थान स्पष्टपणे मिळाले.

महाराष्ट्रात या विचाराची बीजे त्याआधी १०० वर्षे पडली होती. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. मुली शिकल्या तर धर्म बुडेल, संसार मोडतील, अशी ओरड झाली. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई. म्हणून त्या जवळ दुसरे लुगडे ठेवीत, असे सांगतात. सुमारे ३४ वर्षांनी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध झाला. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, आणि असतील तर शिक्षा एकट्या स्त्रीलाच का, असा रोखठोक प्रश्न त्यांनी समाजास विचारला. आणि तो स्वतःच्या नावाने विचारला.

सर्वांनाच ते शक्य नव्हते. १८८५ साली मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात बालविवाहाच्या दुष्परिणामांविषयी पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांखाली लेखिकेचे नाव नव्हते. ‘एक हिंदू स्त्री’ एवढेच लिहिलेले होते. ती पत्रे रखमाबाईंची होती. अकराव्या वर्षी, संमती विचारली जाण्याच्या आधीच, त्यांचे लग्न लावण्यात आले होते. मोठेपणी त्यांनी पतीच्या घरी नांदण्यास नकार दिला, तेव्हा पतीने न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना पतीकडे जाण्याचा, नाही तर सहा महिन्यांचा कारावास भोगण्याचा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. अखेर तडजोड होऊन तो प्रसंग टळला. त्या इंग्लंडला गेल्या, वैद्यकीय शिक्षण घेऊन परत आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. जिला पत्राखाली नाव लिहिणेही कठीण झाले होते, ती ‘डॉक्टर रखमाबाई’ म्हणून सर्वांच्या आदरास पात्र झाली.

या थोर स्त्रियांनी शाळेची व व्यवसायाची दारे उघडली. परंतु मालकीचे दार बराच काळ बंदच होते. शेतात पेरणी, खुरपणी, कापणी ही कामे स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या; सातबारावर मात्र नाव पुरुषाचे. विधवा झालेल्या किंवा टाकून दिलेल्या स्त्रीस, जन्मभर राबूनही, हक्काचे एक वाफाही उरत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कायदेमंत्री असताना हिंदू संहिता विधेयकाच्या द्वारे स्त्रियांस वारसाहक्क देण्यासाठी मोठा प्रयत्न केला. ते विधेयक रखडले, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हेही एक प्रमुख कारण होते. पुढे १९५६ मध्ये वारसाहक्काचा कायदा झाला. परंतु वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मापासूनचा हक्क मुलांनाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये ही उणीव दूर करून मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. दरम्यान १९८६ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरले; आणि त्यानंतर शरद जोशी यांच्या आवाहनावरून अनेक गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावावर करून दिला. या चळवळीस ‘लक्ष्मीमुक्ती’ असे अन्वर्थक नाव मिळाले. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीदार शेतकऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १०० मध्ये सुमारे १४ एवढेच आढळले. कायदा पुस्तकात आला, तरी तो उताऱ्यावर उतरण्यास वेळ लागतो.

याहूनही क्लेशदायक गोष्ट म्हणजे कित्येक मुलींना नाव मिळे तेही अपमानाचे. मुलगा हवा असता पुन्हा मुलगीच झाली, तर तिला ‘नकुशी’ म्हणण्याची रीत काही भागांत होती. नकुशी म्हणजे नको असलेली. शाळेत हजेरी घेताना रोज त्या मुलीने आपल्या नकोसेपणास ‘हजर’ म्हणून ओ द्यावयाची! ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेने एक आगळा नामकरण समारंभ केला आणि अडीचशेहून अधिक नकुशींना नवी नावे देण्यात आली. काही मुलींनी तर आपले नाव आपणच निवडले. नाव पालटले म्हणून सर्व दुःख संपले असे नाही. तथापि आपण कोणास तरी हव्या आहोत, ही जाणीव त्या दिवशी त्यांना झाली असेल.

परंतु ज्यांना नाव मिळण्याची वेळच येऊ दिली गेली नाही, अशा मुलींचे काय? महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयाच्या दर १००० मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या; २००१ मध्ये त्या ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. गर्भलिंगचाचणीस आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्रानेच केला होता. कायदा असतानाही संख्या घटत गेली आणि तीही साक्षरता व संपत्ती वाढत असताना. ‘शिक्षण आले, पैसा आला, म्हणजे समता आपोआप येईल’ असे मानणाऱ्यांनी हे आकडे विसरू नयेत. समता वाट पाहून येत नाही. ती आणावी लागते.

आता राहिले घर. “तुझी आई काय करते?” या प्रश्नास पुष्कळ मुले “काही नाही, घरीच असते” असे उत्तर देतात. ती ‘काही नाही’ करणारी आई पहाटे उठून पाणी भरते, स्वयंपाक करते, डबे भरते, धुणे-भांडी उरकते, आजाऱ्याची शुश्रूषा करते आणि सर्वांची निजानीज झाल्यावर दारास कडी लावते. २०१९ साली भारत सरकारने लोक आपला वेळ कसा घालवितात याची देशभर पाहणी केली. स्त्रियांपैकी १०० मध्ये सुमारे ८१ जणी दररोज बिनमोबदल्याचे घरकाम करीत होत्या, तर पुरुषांपैकी सुमारे २६ जण. जे घरकाम करीत होते त्यांतही स्त्रियांचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे होता. जे काम रोज पाच-पाच तास चालते, त्यास भाषेने ‘काही नाही’ असे म्हणावे, हे आश्चर्य नव्हे काय?

घरचे काम प्रेमाने करावयाचे असते, त्याचा हिशेब कसला, असे कोणी म्हणेल. प्रेमाची गोष्ट खरी आहे. परंतु प्रेम जर घरातील सर्वांनाच आहे, तर त्याची भांडी एकटीनेच का घासावी? जी मुलगी शाळेतून आल्यावर धाकट्या भावंडास सांभाळते आणि भाकरी थापते, तिच्या अभ्यासाचे दोन तास कमी होतात; तिचा भाऊ तेवढाच वेळ मैदानावर असतो. परीक्षेचा निकाल लागला म्हणजे मुलाची बुद्धी तीव्र असे ठरते! समान संधीची गोष्ट समान भाराशी अशी बांधलेली आहे. एकीच्या डोक्यावर हंडा ठेवून दोघांची शर्यत लावली, तर ती शर्यत न्यायाची होत नाही.

समतेमुळे पुरुषांचे काही हिरावले जाईल, ही भीतीही निराधार आहे. ज्या रूढीने मुलीस चुलीशी बांधले, तिनेच मुलास ‘रडू नकोस, मुलगी आहेस काय?’ असे म्हणून दुःख गिळावयास शिकविले आणि सर्व कुटुंबाच्या पोटाची चिंता एकट्याच्या खांद्यावर टाकली. भार वाटून घेतला तर दोघांचेही खांदे हलके होतात. ज्याला स्वतःपुरती भाजीभाकरी करता येते, तो मुलगा परगावी शिकावयास गेला तरी परावलंबी राहत नाही.

मग स्त्री-पुरुष समता साध्य होण्याजोगी आहे काय? इतिहास होकार देतो. मुलींनी शिकणे, विधवेने पुन्हा संसार मांडणे, स्त्रीने मत देणे, गावचे सरपंचपद भूषविणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट एके काळी निसर्गविरुद्ध मानली गेली होती. आज त्यांत कोणास काही नवल वाटत नाही. परंतु इतिहास इशाराही देतो. यांपैकी एकही गोष्ट कोणी तरी चिखल अंगावर घेतल्याखेरीज झालेली नाही. आणि शेतातील तणाप्रमाणे रूढी एकदा उपटली तरी पुन्हा उगवते. म्हणून समता हे एकदाच गाठावयाचे शिखर नव्हे. प्रत्येक पिढीने आपल्या वाट्याची खुरपणी करावी, असे ते शेत आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये असा निर्णय केला की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाची नोंद करताना प्रथम मुलाचे वा मुलीचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावे. ज्या देशात एके काळी स्त्रियांची ओळख ‘अमक्याची आई’ एवढीच नोंदली गेली, तेथे आता मुलांच्या नावात आईचेही नाव असेल. शासनाने कागदावर जागा करून दिली. घरातील जागा मात्र शासनास करून देता येत नाही. ती जेवण झाल्यावर आपले ताट आपण उचलणारा मुलगा करून देतो. बहिणीच्या शिक्षणासाठी वडिलांजवळ शब्द टाकणारा भाऊ करून देतो. आणि कोणी विचारले असता मान वर करून आपले पूर्ण नाव सांगणारी मुलगी ती स्वतःच मिळविते.

अभ्यास

१. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी अनेक स्त्रियांची नावे मतदारयादीतून का गळाली?
२. ‘भिन्नता’ आणि ‘उच्चनीचता’ यांत कोणता फरक आहे, ते उदाहरण देऊन सांगा.
३. संसाररथाच्या उपमेत कोणती उणीव दाखविली आहे?
४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : नाव काढणे, नावारूपास येणे, शब्द टाकणे, मान तुकविणे.
५. आपल्या घरात एका दिवसात कोणकोणती कामे होतात व ती कोण करते, याची यादी करा. त्यांतील कोणते काम उद्यापासून तुम्ही कराल, ते लिहा.